शिबिराला मुलं सांभाळायला ‘हो’ म्हणालात? मग हा भाग आधी ऐका

(भागाचा लिखित मजकूर. बोलण्यातले अडखळे काढलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

सध्या वसईतल्या कुठल्याही धर्मग्रामाचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडा, एकामागून एक पोस्टर. मुलांचं उन्हाळी शिबिर, युवकांचा मेळावा, गायनवृंदाचा सराव, पहिल्या कम्युनियनची तयारी. आणि मग दोन दिवसांनी सिस्टरांचा फोन येतो, ‘यंदा तू पाहिजेस हं मुलांना बघायला.’ तुम्ही हो म्हणता. परीक्षा संपलेली असते, मित्रमंडळी तिथेच असतात, जेवण छान असतं, आणि खरं सांगायचं तर मजा येते. मीसुद्धा याच वाटेने ॲनिमेटर झाले, म्हणजे मुलांची शिबिरातली ताई. आज त्या ‘हो’नंतर तुमच्या अंगावर नेमकं काय येतं, ते सांगते. पोस्टरवर ते कधीच लिहिलेलं नसतं.

आधी तारखांचं गणित पटकन उरकू. सगळं मे महिन्यातच का कोंबलेलं असतं? एक कारण शाळेची सुट्टी. दुसरं कारण चंद्र. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिलच्या मध्ये कुठेही येतो. यंदा, २०२६ला, २ एप्रिलला हनुमान जयंतीची पौर्णिमा आणि लगेच ५ तारखेला ईस्टर. त्याआधीचा सगळा प्रायश्चित्तकाळ, राखेच्या बुधवारपासून म्हणजे १८ फेब्रुवारीपासून, लग्नं नाहीत, धांगडधिंगा नाही. मग ईस्टर झाला की लग्नं, कम्युनियन, आळीतल्या क्रुसासमोर मे महिन्याची रोझरी, शिबिरं, सगळं एकदम सुटतं. ईस्टरपासून पन्नासाव्या दिवशी पेंटेकॉस्ट, यंदा २४ मे. तोवर पावसाळ्याची चाहूल लागलेली असते.

यंदा एक गंमत आहे. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ महिना आहे, म्हणजे हिंदू लग्नं जवळपास थांबणार. मांडववाले, हॉल, जेवणाचे कंत्राटदार एरवी मे महिन्यात हाती लागत नाहीत, त्यांच्याकडे या काळात तारखा मोकळ्या असू शकतात. तुमच्या शिबिराची तारीख अजून ठरत असेल तर कमिटीला हे सांगून बघा. कमिटीत तेवढाच तुमचा भाव वाढेल.

सुट्टीतल्या शिबिराची कल्पना काही आपल्याकडची नाही. १८९८ साली न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत एलायझा हॉज नावाच्या बाईंनी रस्त्यावर भटकणाऱ्या मुलांसाठी सुट्टीतली शाळा काढली, तीही भाड्याने घेतलेल्या बिअरच्या गुत्त्यात! गाणी, बायबलच्या गोष्टी, हस्तकला, खेळ. आज पुण्यात किंवा अहिल्यानगरला प्रोटेस्टंट मंडळींची मुलं ज्याला ‘व्हीबीएस’ म्हणतात, ते याच झाडाचं फळ. आपल्या कॅथलिक शिबिरांचं नाव वेगळं, पण साचा बराचसा तोच. मूळ मुद्दा मात्र लक्षात ठेवा. आई-बाप कामावर, मूल रस्त्यावर, म्हणून कुणीतरी त्याच्याकडे बघायचं. गाणी वगैरे नंतर.

गाण्यांवरून आठवलं. यूट्यूबवरची इंग्रजी ॲक्शन साँग्ज लावून अख्खा दिवस काढणारं शिबिर मला आवडत नाही. मुलं वर्षभर इंग्रजी माध्यमात असतात, घरी सामवेदी किंवा वाडवळी फक्त आजी बोलते. चार दिवस मिळालेत तर गोन्सालो गार्सियावर नाटुकलं करा की! वसईचा माणूस, १५९७ला नागासाकीत क्रुसावर मारला गेला, १८६२ला संत म्हणून जाहीर झाला, आणि आपल्या पोरांना स्पायडरमॅनची जास्त माहिती. नाटुकलं सामवेदीत केलंत तर आजीलाही पुढच्या रांगेत बसवता येईल. असो, हा माझा हट्ट.

आता मुख्य गोष्ट. शिबिरात तुमचं पहिलं काम आहे मोजणं. डोकी मोजणं. सकाळी आल्यावर, नाश्त्यानंतर, मैदानावर नेताना, मैदानावरून आणताना, बसमध्ये चढताना, उतरताना. आणि आकडा मोठ्याने म्हणायचा, मनात नाही. प्रत्येक ॲनिमेटरच्या खिशात आपल्या गटाची नावं कागदावर हवीत. हो, कागदावर. दुपारी तीनला फोनची बॅटरी किती उरते ते तुम्हाला माहीत आहे.

एका ॲनिमेटरकडे किती मुलं असावीत? ब्रिटनमध्ये मुलांच्या सुरक्षेसाठी काम करणारी एनएसपीसीसी नावाची जुनी संस्था आहे. तिची शिफारस अशी: चार ते आठ वयाच्या सहा मुलांमागे एक मोठा माणूस, नऊ ते बारासाठी आठांमागे एक, तेरा ते अठरासाठी दहांमागे एक. आपल्याकडे एका ताईकडे पंचवीस पोरं देऊन ‘सांभाळ गं’ म्हणतात. एकदम आठावर येणं जमणार नाही, मला कळतं. पण दीडशे मुलांची नोंदणी झाली आणि मोठी माणसं सातच असतील, तर नोंदणी थांबवावी लागते. आणि अठराच्या आतल्या ॲनिमेटरला या हिशेबात धरू नका. तो कितीही हुशार असला तरी कायद्याच्या नजरेत तोही बालकच आहे.

संध्याकाळी मूल कुणाच्या हाती द्यायचं, ही दुसरी गोष्ट. आपल्याकडे ‘अरे तो त्यांचाच, आपल्या आळीतला’ यावर सगळं चालतं. गावात खपून जायचं. आता नालासोपारा-विरारकडच्या इमारतींतून आलेली मुलं शिबिरात असतात, सगळे सगळ्यांना ओळखत नाहीत. म्हणून फॉर्मवरच लिहून घ्यायचं की मुलाला न्यायला कोण कोण येऊ शकतं. त्या नावांशिवाय दुसरं कुणी आलं तर आईला फोन. समोरचा काका रागावला तर रागावू दे. त्याच फॉर्मवर दमा, फिट, कसली ॲलर्जी, चालू औषधं हेही विचारा. फॉर्म ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद ठेवून उपयोग नाही, ज्याच्या गटात ते मूल आहे त्याला ती माहिती हवी.

आणि पाणी! शेवटच्या दिवशी ‘सरप्राइज’ म्हणून भुईगावच्या नाहीतर राजोडीच्या किनाऱ्यावर न्यायची टूम दर वर्षी निघते. मी स्पष्ट सांगते, मी याच्या विरोधात आहे. चाळीस मुलं गुडघाभर पाण्यात उतरली की कुणालाच मोजता येत नाहीत, सगळी हलत असतात. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती मोठी असते. यंदा १ आणि ३१ मेला पौर्णिमा, १६ मेला अमावस्या, आणि नेमक्या याच सुमारास शनिवार-रविवार धरून शिबिरांचे समारोप होतात. किनाऱ्यावर जायचंच असेल तर भरती-ओहोटीची वेळ बघा, वाळूवर खेळा, पाण्यात नाही. बावखलांचंही तेच. मे महिन्यात पाणी खाली गेलेलं असतं, काठाचा चिखल निसरडा, आणि वरून बघणाऱ्याला खोली कळत नाही. शिबिराच्या जागेजवळ बावखल किंवा उघडी विहीर असेल तर पहिल्याच दिवशी दोरी बांधा आणि तिथे एक मोठा माणूस उभा करा. बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं ओरडत नाही. बहुतेक वेळा आवाजच येत नाही.

उन्हाबद्दल लोक म्हणतात, वसईत काय, पारा पस्तीसच्या आतबाहेर तर असतो. पण आपली हवा दमट. घाम येतो, वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. दुपारी बारा ते तीन मैदान बंद, मग क्रिकेटची फायनल का असेना. ओआरएसची पाकिटं आधीच आणून ठेवा. मूल गोंधळल्यासारखं बोलायला लागलं, अंग तापलं, तोल जायला लागला, तर ‘जरा पड, बरं वाटेल’ म्हणू नका. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि १०८ला फोन करून ॲम्ब्युलन्स बोलवा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

आता जे बोलायला सगळे टाळतात ते. चार दिवस तुम्ही मुलांची लाडकी ताई किंवा दादा असता. मूल तुम्हाला ते सांगू शकतं, जे त्याने घरी कधी सांगितलेलं नसतं. कुणीतरी त्रास देतं, नको तिथे हात लावतं. घरातलं कुणी, शिकवणीचे सर, किंवा शिबिरातलंच कुणी. त्या क्षणी तुम्ही काय करता?

ऐकून घ्यायचं. मध्येमध्ये प्रश्न विचारून उलटतपासणी करायची नाही. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही, कारण ते पाळता येत नाही. पॉक्सो, म्हणजे २०१२चा बालकांच्या लैंगिक संरक्षणाचा कायदा. त्याचं कलम १९ म्हणतं की असा गुन्हा घडल्याचं किंवा घडण्याची शक्यता असल्याचं ज्याला कळलं, त्याने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायलाच हवं. कोणीही असो. फादर, सिस्टर, शिक्षक, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची मुलगी. न कळवल्यास कलम २१खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने दाबलं तर वर्षापर्यंत कैद. तुम्ही स्वतः अठराच्या आत असाल तर न कळवल्याची ही शिक्षा तुम्हाला लागू नाही, पण मग लगेच एखाद्या भरवशाच्या मोठ्या माणसाला सोबत घ्या. चांगल्या हेतूने खबर देणाऱ्यावर कारवाई होत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. चाइल्डलाइनचा नंबर १०९८, फुकट, चोवीस तास. तातडीचं असेल तर ११२.

‘आधी आपण आपल्यात चौकशी करू, चर्चचं नाव खराब होईल’ असं कुणी म्हणालं तर? २०१९मध्ये पोप फ्रान्सिस यांनी जगभरच्या चर्चसाठी नियम काढले. त्यांत धर्मगुरू आणि व्रतस्थांनी अशी माहिती चर्चच्या वरिष्ठांना कळवणं बंधनकारक केलं, आणि देशाच्या कायद्याचं बंधन तसंच राहतं हेही त्यात आहे. म्हणजे बिशप हाउसला कळवलं म्हणून पोलिसांना कळवायचं राहिलं तरी चालेल, असं होत नाही. दोन्ही करायचं.

याचीच दुसरी बाजू तुमच्या स्वतःसाठी. एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत बसू नका. प्रथमोपचार असो की रडणाऱ्याची समजूत, दार उघडं किंवा दुसरी ताई सोबत. शिबिर संपल्यावर मुलांशी खासगी चॅट नको, निरोप पालकांना पाठवा. आणि फोटो! मुलाच्या छातीवर नाव आणि शाळा लिहिलेला बिल्ला, आणि तो फोटो तुमच्या स्टेटसला. असं करू नका. पालकांची परवानगी फॉर्मवरच घ्या, आणि ती असली तरी बिल्ला काढून फोटो.

मोठ्या मेळाव्यांचं दोन वाक्यांत. बांद्र्याची माउंट मेरीची जत्रा यंदा १३ सप्टेंबरच्या रविवारी सुरू होते आणि १४ला गणेश चतुर्थी, म्हणजे लोकलमध्ये काय होणार ते ओळखा. श्रीरामपूरजवळच्या हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला जाणारेही त्याच महिन्यात निघतात. आणि ३ ते ८ ऑगस्ट २०२७ला दक्षिण कोरियात सोलला जागतिक युवा दिन आहे. जायची स्वप्नं पडत असतील तर पासपोर्टचं आताच बघा, आणि पैसे धर्मप्रांताच्या अधिकृत गटाशिवाय कुणाच्याही फोन नंबरवर पाठवू नका.

मागच्या भागानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, ‘ताई, हे सगळं बरोबर, पण मी एकोणीस वर्षांचा. फादरांना जाऊन हे कसं सांगू? उद्धट वाटेल.’ प्रश्न खरा आहे. मी काय करते, ते सांगते. मी तक्रार घेऊन जात नाही, काम मागायला जाते. शिबिराच्या आठवडाभर आधी जाऊन म्हणते, ‘फादर, फॉर्म मी बनवू का? त्यात औषधं आणि कोण न्यायला येणार हे दोन रकाने घालते.’ नाही म्हणणारे फादर मला अजून भेटले नाहीत, कारण फॉर्म बनवायचा सगळ्यांनाच कंटाळा असतो. मग म्हणायचं, ‘१०९८ आणि १०८ मोठ्या अक्षरात छापून दारावर लावू का?’ त्यालाही हो येतं. मग गटांची वाटणी करायला बसलात की मुलांचा आणि मोठ्यांचा आकडा शेजारी शेजारी लिहून कागद त्यांच्यापुढे सरकवायचा. दीडशे आणि सात. बोलायला फारसं काही लागत नाही.