स्त्रीधन, हुंडा व वारसाहक्क
स्त्रीधन, हुंडा व वारसाहक्क : विवाहप्रसंगी दिले जाणारे धन आणि कुटुंबाच्या संपत्तीतील स्त्रीचा वाटा यांसंबंधीच्या रूढी व कायदे. नासिक जिल्ह्यातील मालेगाव येथे एकोणिसाव्या शतकात उत्तर भारतातून आलेल्या मुस्लिम विणकरांची मोठी वस्ती झाली. भोवतालच्या खेड्यांतील शेतकरी बहुसंख्य हिंदू आहेत. त्यामुळे दोन भिन्न वारसा कायदे या परिसरात शेजारीशेजारी लागू होतात.

मनुस्मृतीत विवाहाग्नीसमोर व सासरी जाताना मिळालेले धन, तसेच पती, माता, पिता व भ्राता यांनी दिलेले धन असे स्त्रीधनाचे सहा प्रकार सांगितले आहेत. नीलकंठभट्टाच्या व्यवहारमयूख या सतराव्या शतकातील ग्रंथास पश्चिम भारतात विशेष प्रामाण्य होते. अन्यत्र मुलीस वारसा बहुधा हयातीपुरता मिळे; मुंबई इलाख्यात तो पूर्ण मालकीने मिळे. विधवेचा हक्क मात्र मर्यादितच होता. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने ही मर्यादा काढली. महाराष्ट्राने १९९४ मध्ये, त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींना एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मसिद्ध सहदायिकत्व दिले; २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ते विवाहित मुलींनाही मिळाले. त्यासाठी ही दुरुस्ती अंमलात येताना पिता हयात असणे आवश्यक नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला.

मुस्लिम विधीनुसार मेहेर ही पत्नीची स्वतःची मालमत्ता होय. मुलीस मुलाच्या निम्मा वाटा मिळतो. १९३७ च्या शरियत अधिनियमाने या विधीस रूढीपेक्षा वरचे स्थान दिले. शेतजमीन मात्र त्यातून वगळली. विणकराचे घर व माग यांना ही वगळणूक लागू होत नाही.

मृत्युपत्र न करता मृत झालेल्या पुरुषामागे पत्नी, एक मुलगा व दोन मुली असल्यास, हिंदूच्या स्वार्जित संपत्तीचे चार समान भाग होतात. सुन्नी मुस्लिम विधीनुसार पत्नीस १/८, मुलास ७/१६ व प्रत्येक मुलीस ७/३२ भाग मिळतो. तथापि हिंदू पिता मृत्युपत्राने आपल्या सर्व संपत्तीची विल्हेवाट लावून मुलीस वगळू शकतो; मुस्लिम पित्यास वारसांच्या संमतीशिवाय एक-तृतीयांशाहून अधिक संपत्ती मृत्युपत्राने देता येत नाही.

‘लग्नात दिले, तोच तिचा वाटा’ या समजुतीस दोन्ही कायद्यांत आधार नाही. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक अधिनियमाने हुंडा देणे व घेणे दंडनीय ठरविले. मेहेर हा हुंडा मानलेला नाही. विवाहापूर्वी अन्य कोणी स्वीकारलेला हुंडा विवाहानंतर तीन महिन्यांत वधूच्या स्वाधीन करणे बंधनकारक आहे. प्रत्यक्षात हुंडा सासरच्यांच्या हाती राहतो आणि माहेर तुटू नये म्हणून बहीण भावाच्या नावे हक्कसोडपत्र लिहून देते. अशा स्त्रीच्या हाती ना लग्नातील धन राहते, ना वारशाचा वाटा. वैधव्य वा परित्याग ओढवल्यास तिला या दोहोंची उणीव एकदमच जाणवते.