उतारावरील भरलेली गाडी व तिचा आरंभवेग

संत्र्यांचा हंगाम आला म्हणजे काटोल, नरखेड, कळमेश्वर या भागांतून भरलेल्या गाड्या नागपूरच्या बाजाराकडे निघतात. बैलबंडी असो वा ट्रॅक्टरची ट्रॉली असो, बागेंतून सडकेस येतांना नाल्याचा उतार बहुधा आडवा येतोच. तेथें गाडी हातची गेल्यास माल, जनावर व प्रसंगीं माणूसही दगावतो. गाडी जोरांत उताराला लागली म्हणूनच तिचा वेग अधिक झपाट्यानें वाढत गेला, असें पुष्कळदां ऐकूं येतें. यांत खरें किती व भ्रम किती, हें पाहणें अगत्याचें आहे.

प्रथम दोन गोष्टी निराळ्या ओळखाव्या. गाडी सेकंदास किती अंतर तोडते तो तिचा वेग. आणि तो वेग दर सेकंदास जितका वाढतो तो प्रवेग. गॅलिलिओ या इटालियन शास्त्रज्ञानें उतरत्या लांकडी पन्हळींतून गोळी सोडून व गळत्या पाण्यानें काळ मोजून हा विषय उलगडला. त्याचा ग्रंथ १६३८ सालीं प्रसिद्ध झाला.

समजा, पन्हळींत नुसती सोडलेली गोटी पहिल्या सेकंदांत १० सेंटिमीटर गेली. मग ती दुसऱ्यांत ३०, तिसऱ्यांत ५० व चौथ्यांत ७० जाईल. दर सेकंदास भर २० ची. आतां तीच गोटी आरंभीं सेकंदास २० सेंटिमीटर वेगानें ढकलली, तर आंकडे ३०, ५०, ७०, ९० असे येतील. वेग वाढला, परंतु भर २० चीच राहिली. म्हणजे आरंभींचा धक्का हा जणूं उतारच वरच्या बाजूस १० सेंटिमीटरांनीं लांबविल्यासारखा आहे. तात्पर्य, प्रवेग ठरतो तो उताराच्या तीव्रतेनें व घर्षणानें, आरंभवेगानें नव्हे.

मग जोरानें उताराला लागल्यानें बिघडतें काय? बिघडतें तें थांबण्याचें अंतर. ब्रेक दाबल्यावर उतारावर दर सेकंदास १ मीटर वेग कमी होतो असें धरूं. सेकंदास २ मीटर वेगाची गाडी २ मीटरांत थांबेल. ४ मीटर वेगाचीस ८ मीटर लागतील, आणि ६ मीटर वेगाचीस १८. वेग दुप्पट, तर अंतर चौपट. शिवाय ओझें वाढलें कीं उताराची ओढ त्याच प्रमाणांत वाढते, ब्रेकची पकड मात्र तितकीच राहते. ओढ पकडीहून अधिक झाली, तर गाडी उतारावर थांबणारच नाहीं.

रेल्वेनें हें तत्त्व जुन्या काळींच ओळखलें. १८६७ सालीं नागपुरास आलेला लोहमार्ग मुंबईकडे जातांना इगतपुरीखालीं थळ घाट उतरतो. तो घाट १८६५ सालीं खुला झाला. तेथें ३७ फुटांस १ फूट उतार आहे. घर्षण व ब्रेक नसल्यास गाडीचा वेग दर सेकंदास ताशीं सुमारें १ किलोमीटर वाढेल, मग ती घाटाच्या माथ्यावरून सावकाश निघो वा वेगांत. म्हणून तेथें वेगावर कडक बंधन असतें, आणि ताब्याबाहेर गेलेली गाडी वळवून घेण्यास चढणीचे निराळे रूळ घातलेले असतात.

शेतकऱ्यानें यावरून दोन उपाय ध्यानीं धरावे. पहिला आरंभवेगाचा: उताराच्या माथ्यावर गाडी थांबवावी, ब्रेक तपासावा व मगच उतरावें. ट्रॅक्टरचा खालचा गिअर माथ्यावरच घालावा, दोन्ही ब्रेकांचे पायदान जोडून घ्यावे, आणि डिझेल वांचविण्याच्या लोभानें न्यूट्रलमध्यें गाडी कधींही सोडूं नये. दुसरा उपाय प्रवेगाचा. बंडीच्या मागें दोरानें ओंडका बांधून फरफटत नेल्यास घर्षण वाढतें. परंतु कायमचा इलाज रस्त्यांतच आहे. २ मीटर खोल नाल्यांत २० मीटरांत उतरणारी वाट तिरपी काढून ४० मीटरांची केली, तर उतार अर्धा होतो. आणि घर्षण जवळजवळ तितकेंच राहत असल्यानें प्रवेग अर्ध्याहूनही कमी होतो. हंगामापूर्वीं दोन दिवस कुदळ-फावडें चालविल्यानें हें साधत असेल, तर तो खर्च गाडीच्या एका अपघातापुढें कांहींच नव्हे.