रस्ता निमुळता होतो तेव्हा

जानेवारी २०२६ मध्ये मीरा-भाईंदरच्या एका उड्डाणपुलाची चित्रे घरोघरी मोबाइलवर पोहोचली. गोल्डन नेस्ट चौकाजवळ चार पदरांनी ऐसपैस येणारा पूल एकाएकी निमुळता होऊन दोन पदरांचा होतो, हे पाहून कोणी हसले, कोणी संतापले. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने त्यावर खुलासा केला. हा आराखड्यातील दोष नसून उपलब्ध जागेची रुंदी आणि पुढील काळातील जोडणी लक्षात घेऊन ही रचना केली आहे, दोन पदर भाईंदर पूर्वेकडे उतरतात आणि उरलेले दोन पुढे पश्चिम रेल्वेचे रूळ ओलांडून भाईंदर पश्चिमेकडे नेण्याचे नियोजन आहे, असे प्राधिकरणाचे म्हणणे.

रचना योग्य की अयोग्य, हा वाद जाणकारांनी खुशाल लढवावा. परंतु त्याचा निकाल लागेपर्यंत शहरातील वाहने थांबून राहणार नाहीत. शाळेच्या बसगाड्या, भाईंदरच्या कारखान्यांतून स्टीलची भांडी घेऊन निघणारे टेम्पो, दुकान उघडायला निघालेला स्कूटरस्वार आणि मुलाबाळांसह देवदर्शनाला निघालेले कुटुंब, सर्वांना अशाच रस्त्यांवरून जायचे आहे. म्हणून प्रत्येक घराच्या दृष्टीने खरा प्रश्न वेगळा आहे. ज्या रस्त्यांवर आपण वाहन चालवायला शिकलो, त्यांच्यासारखा नसलेला रस्ता समोर आला, तर चालकाने काय करावे?

डोळ्यांआधी सवय धावते

वाहन चालवणे हे बहुतांशी सवयीचे काम आहे. रोजच्या वाटेवर चालक प्रत्येक वळण नव्याने पाहत नाही. पुढे काय येणार हे त्याच्या मनाने आधीच गृहीत धरलेले असते. रस्ता त्या अपेक्षेप्रमाणे निघाला नाही, तर मन क्षणभर अडखळते. तो क्षण किती महाग असतो, हे साध्या हिशोबाने कळते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. ‘वर जायचे की खालून?’ या संभ्रमात दोन सेकंद गेले, तर वाहन ३३ मीटर पुढे गेलेले असते आणि चालकाने ब्रेकला पायही लावलेला नसतो. वेग ४० वर आणला, तर तेच अंतर २२ मीटरवर येते. शिवाय आघाताची शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४० ऐवजी ६० वेगाने झालेली धडक दीडपट नव्हे, तर सव्वादोनपट जबर असते.

मीरा-भाईंदरमध्ये हा संभ्रम अधिक जाणवण्याचे कारण शहराच्या घडणीत आहे. २०११ च्या जनगणनेतच आठ लाखांचा आकडा ओलांडलेल्या या शहराची बरीचशी वाहतूक काशीमीरा नाक्यापासून गोल्डन नेस्टमार्गे भाईंदरकडे जाणाऱ्या एकाच मुख्य रस्त्यावर अवलंबून आहे. दहिसरहून येणारी मेट्रो मार्गिका ९ याच रस्त्यावरून जाते. जागा अपुरी असल्यामुळे काही ठिकाणी एकाच खांबावर दोन मजले चढवले आहेत. वर मेट्रो, मधे उड्डाणपूल आणि तळाशी जुना रस्ता. पूर्वी चालक सरळ येई आणि वळायचा चौक दिसला की वळे. आता चौक दिसण्याच्या कितीतरी आधी, पुलाच्या पायथ्याशीच त्याला ठरवावे लागते. आधी पाहा, मग ठरवा, ही जुनी रीत. आधी ठरवा, मग पोहोचा, ही नवी.

स्वीडन, स्विंडन आणि स्प्रिंगफील्ड

अनोळखी रस्त्यांशी जुळवून घेण्याची वेळ जगात अनेकांवर आली आहे. ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे पाच वाजता संपूर्ण स्वीडन देशाने डाव्या बाजूने चालणारी वाहतूक उजव्या बाजूला आणली. मोठ्या संख्येने अपघात होतील, अशी भीती होती. घडले उलटेच. सुरुवातीच्या काळात अपघात घटले, कारण प्रत्येक चालक जपून, वेग कमी करून चालवत होता. पुढे नव्याची सवय झाली, सावधपणा सैलावला आणि दोनेक वर्षांत अपघातांचे प्रमाण पूर्वपदावर आले. यातला बोध मोलाचा आहे. नवा रस्ता पहिल्या दिवशी जितका धोकादायक वाटतो, तितका तो बहुधा नसतो. धोका सुरू होतो तो ‘हा रस्ता मला पाठ आहे’ असे वाटू लागल्यावर.

इंग्लंडमधील स्विंडन शहरात १९७२ पासून एक विलक्षण चौक आहे. मोठ्या वर्तुळाभोवती पाच लहान वर्तुळे असून आतल्या वर्तुळाची वाहतूक उलट दिशेने फिरते. नकाशात पाहिले तर डोके गरगरावे. तरीही तो चौक गेली पन्नासहून अधिक वर्षे वाहतूक सांभाळतो आहे, कारण चालकाला संपूर्ण नकाशा समजून घ्यावाच लागत नाही. समोर येणाऱ्या लहान वर्तुळापाशी वेग कमी करायचा, ज्याचा हक्क आधी त्याला जाऊ द्यायचे आणि मग पुढच्या वर्तुळाकडे वळायचे, एवढेच त्याचे काम.

अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे २००९ मध्ये महामार्गावर याहूनही धाडसी रचना उभी राहिली. तेथे पुलावर येताना दोन्ही दिशांची वाहने थोड्या अंतरासाठी आपापली बाजू बदलतात आणि पूल ओलांडल्यावर परत मूळ बाजूला येतात. अशी रचना त्यापूर्वी फ्रान्समधील व्हर्साय येथे होती. नेहमीच्या जोडरस्त्यावर वाहनांचे मार्ग एकमेकांना भिडतील अशी २६ ठिकाणे असतात. या रचनेत ती १४ वर येतात. चालक चुकीच्या बाजूला शिरतील ही शंका तेथेही होती. मात्र रस्त्याचे वळण, पट्टे, दुभाजक आणि फलक असे आखलेले होते की योग्य वाट हीच सर्वांत सोपी वाट ठरली.

एकाआड एक

चारांचे दोन पदर होतात तेथे प्रत्येक दोन रांगांची एक रांग करावी लागते, आणि खरी कसोटी तेथेच लागते. निमुळत्या भागातून एका मिनिटाला ठरावीक वाहनेच पार होऊ शकतात. हॉर्न वाजवल्याने त्यात एकाचीही भर पडत नाही. दोघांनी एकाच जागेसाठी नाक खुपसले, की दोघेही थांबतात आणि मागची शंभर वाहने खोळंबतात. जर्मनीच्या वाहतूक नियमांत यासाठी स्पष्ट तरतूद आहे. पदर संपतो तेथपर्यंत दोन्ही रांगांनी सरळ यावे आणि शेवटी कपड्याच्या चेनचे दात जसे एकमेकांत बसतात तसे डावीकडचे एक, उजवीकडचे एक, असे मिसळावे. यात कोणाचा पराभव नाही आणि कोणाची मेहेरबानीही नाही.

बाजारात ज्याचा व्यवहार चालतो, त्याला हे तत्त्व नवे नाही. समोरच्याचेही काम व्हावे आणि आपलेही, यावरच पेढीची पत उभी राहते. मात्र तोच माणूस चाकामागे बसला की पुढच्या गाडीला जागा देणे त्याला तोट्याचे वाटू लागते. एका गाडीला जागा दिल्याने जातात ते दोन-तीन सेकंद. घासाघीस झाली तर अख्खी सकाळ जाते.

चुकलेला फाटा आणि पेढीवरचा फोन

अनोळखी जोडरस्त्यावर सर्वांत घातक चूक फाटा चुकण्याची नसते. फाटा चुकल्यावर तो परत मिळवण्याची धडपड घातक असते. पुलाच्या तोंडाशी करकचून थांबणे, गाडी मागे घेणे किंवा ‘जवळच तर आहे’ म्हणून उलट दिशेने शिरणे, यातून मोठे अनर्थ ओढवतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर वाहतुकीच्या विरुद्ध दिशेने वाहन चालवण्याचा समावेश धोकादायक वाहन चालवण्यात होतो. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, एक ते पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

आणि वाचते किती? लहान मालवाहू टेम्पो लिटरला दहा-बारा किलोमीटर जातो असे धरले, तर दोन-अडीच किलोमीटरच्या जादा फेऱ्याला पाव लिटर डिझेलही लागत नाही. हा खर्च मालकाने हसत सोसावा. कारण पुष्कळदा चालकाला उलट फिरायला लावतो तो नेमक्या त्याच क्षणी खणखणणारा पेढीवरचा फोन. ‘कुठे पोहोचलास? गिऱ्हाईक थांबले आहे!’ गावाहून नुकताच आलेला, नोकरी जपणारा चालक त्या एका वाक्याने घाबरतो. त्याला कामावर घेताना ‘फाटा चुकला तर पुढे जाऊन वळून ये, उशिराबद्दल कोणी बोलणार नाही’ असे एकदा स्पष्ट सांगितले, तर तो शब्द विम्याच्या कागदापेक्षा अधिक उपयोगी पडेल. वाहन चालू असताना त्याला फोन न करणे हेही मालकाचेच कर्तव्य.

पहाटेचे पादचारी

काशीमीऱ्याजवळून मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो. चातुर्मास संपला की साधू-साध्वींचे विहार सुरू होतात आणि त्यांतील कित्येकांना अशाच महामार्गांच्या कडेने पायी चालावे लागते. जोडरस्त्यावर गोंधळलेल्या चालकाची नजर वरच्या फलकांवर खिळलेली असते; रस्त्याच्या कडेकडे ती वळतच नाही. तेथूनच पांढऱ्या वस्त्रांतील चार-सहा जण चाललेले असू शकतात. पुढची भूमी नीट पाहून पाऊल टाकावे, ही ईर्यासमितीची शिकवण घराघरांत ठाऊक आहे. चाकांवर चालणाऱ्याला ती अधिकच लागू पडते, कारण त्याच्या एका चुकीचे मोल दुसऱ्याला चुकवावे लागते. विहाराची सोय पाहणाऱ्या तरुणांनी जोडरस्ते आणि पुलांचे उतार अंधारात ओलांडावे लागू नयेत अशी वाट व वेळ निवडावी. सोबतच्या सेवकांच्या अंगावर प्रकाश परावर्तित करणारी जाकिटे असावीत.

रस्त्याने बोलावे, चालकाने ऐकावे

सर्व भार चालकावर टाकणेही न्याय्य नाही. रस्ता निमुळता होणार असेल, तर त्याने ते पुरेसे आधी आणि वारंवार सांगितले पाहिजे. वेगात वाचता येतील असे मोठे मराठी फलक, पदर कोठे संपतो ते दाखवणारे ठळक बाण, वेग आवरणारे पट्टे आणि रात्री चमकणारे दुभाजक हवेत. पावसाळ्यात पुसट झालेले पट्टे दरवर्षी पुन्हा रंगवले गेले पाहिजेत. जेथे हे नसेल तेथे व्यापारी संघटनांनी आणि गृहनिर्माण संस्थांनी महापालिकेकडे व वाहतूक पोलिसांकडे लेखी मागणी करावी. अशा अर्जांचा पाठपुरावा करण्याची चिकाटी व्यापारी माणसाकडे निश्चित असते.

घरच्या पातळीवर करण्यासारखे एक काम तर याच आठवड्यात होऊ शकते. रविवारी सकाळी वर्दळ कमी असते. त्या वेळी घरातील नवशिक्या मुलाला किंवा मुलीला आणि दुकानाच्या टेम्पोचालकाला शेजारी बसवून नव्या पुलांवरून एक फेरी मारावी. वर जाणारी वाट कोठे फुटते, खालून कोणी जायचे, पदर कोठे संपतो आणि चुकलो तर पुढचे वळण कोठे आहे, हे शांतपणे दाखवावे. अर्ध्या तासाचे हे काम पहिल्या पावसाच्या रात्री उपयोगी पडते.