माडाचा भुंगा, काजूचा रोठा

मालवणात किनाऱ्याला लागून आमची माडांची लहानशी वाडी आहे आणि तिकडे कसालच्या वरच्या अंगाला, डोंगरउतारावर, मामूंची काजूची बाग. दोन्हीकडे झाडाला लागणारा किडा भुंगेरा जातीचाच. म्हणून मी दोघांना एकाच माळेचे मणी समजत होतो. ती समजूत महागात पडली.

माडावरचा तो गेंडा भुंगा. काळा, डोक्यावर शिंग. रात्री येऊन शेंड्यातला न उमललेला कोंब पोखरतो. पुढे झावळ उलगडली की कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी दिसते. माडाला वाढीचा शेंडा एकच. तो मेला की माड गेला. आम्ही माना वर करून बसलो होतो. आमचा म्हातारा पाडेली म्हणाला, ‘‘वर काय बघतास? आधी गायरी उकरा.’’

गायरी म्हणजे शेणखताचा खड्डा. उकरली, तर आत गुबगुबीत पांढऱ्या अळ्या! त्या जिवंत माडाला तोंड लावीत नाहीत, कुजक्या शेणापाल्यावर पोसतात. माड खातो तो मोठा झालेला भुंगा. म्हणून गायरी वरचेवर हलवायची, अळ्या वेचायच्या. मेटारायझियम नावाची हिरवी बुरशी खतात मिसळली, तरी अळ्या मरतात.

मामूंच्या काजूची पानं पिवळी पडू लागली, तेव्हा मी शहाणपणाने सांगितलं, ‘‘गायरी साफ करा.’’ त्यांनी केली. झाड मात्र गेलं. माझ्या अम्मीने हाताने लावलेलं झाड होतं ते.

कारण काजूच्या रोठ्याचं सगळं उलट. त्याचा लांब मिशांचा तांबूस भुंगेरा झाडाचं फारसं बिघडवत नाही. मादी बुंध्याजवळ सालीच्या भेगांत अंडी घालते आणि अळी सालीखाली शिरून कित्येक महिने खोड नि मुळं पोखरते. इथे खाणारं पोर. पानं पिवळी दिसतात तोवर बहुधा उशीर झालेला असतो. खूण आधी खाली उमटते : बुंध्याशी लाकडाचा भुसा आणि पाझरलेला डिंक. आम्हीही तो भुसा पाहिला होता, मुंग्यांचा समजून सोडून दिला होता. वेळीच साल सोलून अळी काढली, तर झाड वाचू शकतं. मेलेलं झाड मुळासकट काढायचं, नाहीतर रोठा तिथूनच शेजारी जातो.

आता मामूंकडे गेलो की सलाम-दुआ झाल्यावर चहाच्या आधी मी काजूच्या बुंध्यांशी वाकून येतो.