फुंकायचं नाही!

नरखेड तालुक्यात संत्र्याची पारख आधी जिभेवर होते. फळ सोलायचं, फोड तोंडात टाकायची, मग भावाचं बोलायचं. प्रयोगशाळेत मात्र त्याच रसाची गाठ पिपेटशी पडते.

आंबटपणा मोजायला गाळलेला रस नेमका 10 मिली लागतो. त्यासाठी मध्ये फुगीर आणि वर एकच खूण असलेली बल्ब पिपेट घेतात. रबरी फुग्याने रस खुणेच्या वर ओढायचा, टोक बाहेरून पुसायचं, नळी डोळ्यांच्या रेषेत उभी धरून पातळी खुणेवर आणायची. पाणी असेल तर खोलगट पृष्ठभागाचा तळ पाहतात. संत्र्याचा रस गढूळ, तिथे वरची कड. मग टोक भांड्याच्या कडेला टेकवून रस आपसूक वाहू द्यायचा. शेवटी टोकात थेंबभर उरतोच आणि नवशिक्याला राहवत नाही. पण तो फुंकायचा नसतो. खूण आखतानाच तो हिशेबातून वगळलेला असतो. फुंकून रिकाम्या करायच्या पिपेटही असतात; त्यांच्या माथ्याशी खुणेचे पट्टे असतात. तोंडाने ओढणं मात्र कुठल्याच पिपेटला नको.

पुढे फिनॉल्फ्थॅलीनचे दोन-तीन थेंब, आणि फिकट गुलाबी रंग टिकेपर्यंत ब्यूरेटमधून 0.1 नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड. त्याच्या दर मिलीमागे 6.4 मिलिग्रॅम सायट्रिक आम्ल. 10 मिली लागलं तर आम्लता 0.64 टक्के. तोच रस चुकून 9.5 मिली घेतला, तर उत्तर येतं 0.61. फळ गोड झालेलं नसतं, हात चुकलेला असतो.

दूध तपासणीची पिपेट आणखी वेगळी. गर्बर पद्धतीत फॅट काढायला दूध 10.75 मिली घेतात, म्हणून तिच्यावर तेवढीच एक खूण. कमी-जास्त मापं घ्यायची तर अंगभर रेघा असलेली अंशांकित पिपेट सोयीची, पण अचूकतेत ती बल्बच्या मागे.

रोगनिदानात मिलीही फार मोठा पडतो. 1957 साली जर्मनीतल्या मारबुर्गमध्ये हाइनरिख श्निटगरने स्प्रिंगच्या दट्ट्याची मायक्रोपिपेट तयार केली. संत्र्याच्या ग्रीनिंग रोगाचा जिवाणू पीसीआरने शोधताना हीच हातात असते: पानाच्या मधल्या शिरेतून काढलेला डीएनए, तोही मायक्रोलिटरमध्ये, म्हणजे मिलीच्या हजाराव्या भागात.

दट्ट्याला दोन थांबे असतात. ओढताना पहिल्यापर्यंतच दाबायचं. दुसऱ्यापर्यंत दाबून ओढलं की माप जास्त भरतं. सोडताना मात्र दुसऱ्यापर्यंत जायचं. बल्ब पिपेटमध्ये ज्या थेंबाला हात लावायचा नाही, तो इथे ढकलून बाहेर काढायचा!

आणि दर नमुन्याला नवी प्लॅस्टिकची टिप. तिथे काटकसर केली, तर रोगट झाडाचा अंश निरोगी झाडाच्या नळीत उतरतो आणि बागायतदार चांगलं झाड मुळासकट उपटून टाकतो.