ट्रॅक्टरचे इंजिन, हौसेची मोटार

बाजारात बैल घेताना आपण नुसती शिंगांची रंगरंगोटी पाहत नाही. दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. जुनी मोटार घेणाऱ्यानेही तेच करावे. इंग्लंडची ‘ट्रायम्फ टी.आर.’ ही दोघांनी बसायची, उघड्या टपाची वेगवान मोटार. तिची हकिगत शेतकरी घरांना ऐकण्याजोगी आहे, कारण तिचे ट्रॅक्टरशी नाते आहे.

कव्हेंट्री शहरात स्टँडर्ड कंपनी १९४६ पासून हॅरी फर्ग्युसन यांचा करड्या रंगाचा टी.ई.-२० ट्रॅक्टर बनवू लागली. दहा वर्षांत पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर निघाले. त्यातले कंपनीचे चार सिलिंडरचे दणकट इंजिन तिच्या व्हॅनगार्ड मोटारीतही होते. १९५३ मध्ये त्याच घराण्यातले १९९१ सी.सी.चे इंजिन दोन कार्बोरेटर लावून टी.आर.-२ च्या बॉनेटखाली बसवले. ट्रॅक्टरवर तीस अश्वशक्तीच्या आत काम करणारे हे इंजिन इथे नव्वद देऊ लागले. गाडी ताशी १६० किलोमीटरच्या वर धावली. पुढे टी.आर.-३ आली आणि १९६१ ते १९६५ या काळात टी.आर.-४.

आजही हौशी लोक या गाड्या विकत घेतात. जाणकार सांगतात, इंजिनाला भिऊ नका, गंजाला भ्या. इंजिनाच्या स्लीव्ह बदलता येतात, त्यामुळे झिजलेले इंजिन पुन्हा उभे राहते. चासी मात्र कुजली की खर्चाला अंत नाही. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते पत्रा खाते. वरून चकचकीत रंग आणि खाली लांबी भरलेली, असा मामला असतो. म्हणून लोहचुंबक फिरवावे. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. दरवाजाची फट वर-खाली सारखी नसेल, तर चासी वाकल्याचा संशय धरावा. डिपस्टिकवरचे तेल दुधाळ दिसले, तर पाणी तेलात शिरते आहे असे समजावे.

निगा आपल्या ओळखीचीच. पुढच्या चाकांच्या सांध्यांना वेळेवर ग्रीस द्यावे. रेडिएटरमध्ये न गोठणारे द्रावण भरावे, नाहीतर थंडीत पाणी गोठून ब्लॉक तडकतो. हेड उतरवल्यावर स्लीव्ह दाबून धरल्याशिवाय क्रँक फिरवू नये. स्लीव्ह जागची हलते आणि खालचे पॅकिंग गळू लागते. ब्रिटनमध्ये २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळतात. ते जुन्या रबरी नळ्यांना सोसत नाही, म्हणून नळ्या बदलाव्या लागतात.

तिथे २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या बहुतेक गाड्यांना वार्षिक तपासणीची सक्ती नाही. याचा अर्थ जबाबदारी टळली असा नव्हे. ब्रेक, स्टिअरिंग आणि टायर मालकालाच जातीने पाहावे लागतात.

आपण अशी मोटार घेणार नाही, पण जुना ट्रॅक्टर घेण्याची वेळ अनेक घरांवर येते. तेव्हा नव्या रंगाला भुलू नये. इंजिन व चासीचे नंबर कागदांशी ताडून पाहावेत, ओळखीचा मिस्त्री बरोबर न्यावा, थंड इंजिन आपल्यासमोर चालू करायला लावावे. इसारा देण्याआधीचा एक तास पुढची कर्जाची वर्षे वाचवतो.