गोव्याहून स्विंडनला, व्हाया धोबीतलाव

माणसं परदेशी का जातात असं विचारलं तर आपल्या मेसमधलं कोणीही एका शब्दात उत्तर देईल, पैसा! मग मला सांगा, पैसा तर जर्मनीतही आहे आणि जपानमध्येही. तरी गोव्यातली इतकी माणसं इंग्लंडमधल्या स्विंडन गावीच जाऊन का राहतात? स्विंडन म्हणजे काही लंडन नव्हे. एकेकाळी रेल्वेच्या कारखान्यासाठी प्रसिद्ध असलेलं एक मध्यम शहर, बस्स.

याचं उत्तर पगारापेक्षा ओळखीत सापडतं. आणि ती गोष्ट सुरू होते आपल्या मुंबईत, धोबीतलावला. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, सांभाळून घ्या.)

पोर्तुगीज अमलात गोव्यात नोकऱ्या फारशा नव्हत्या, म्हणून माणसं मुंबईला यायची. राहायची 'कुडी'त. कूड म्हणजे गावाने चालवलेला क्लब. एकेका गावाची वेगळी कूड, आणि सभासद फक्त त्या गावचे. एक मोठी खोली, भिंतीला लागून ओळीने ट्रंका, एका टोकाला अल्तार, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरी म्हणायची. भाडं अगदी किरकोळ. थोडक्यात आपलं हॉस्टेलच, फक्त रेक्टरऐवजी गावकऱ्यांची कमिटी! अशा शेकडो कुडी मुंबईत होत्या, काही अजूनही चालू आहेत.

पण कूड नुसती झोपायची जागा नव्हती. इथले बरेचसे सभासद बोटीवर जाणारे, कोकणीत ज्यांना तारवटी म्हणतात ते. पी अँड ओ, ब्रिटिश इंडिया अशा कंपन्यांच्या बोटींवर स्वयंपाकी आणि स्टुअर्ड म्हणून गोवेकरच असायचे. कुठली बोट कधी सुटणार, कुठे माणूस हवाय, कागद कुठले लागतात, ही सगळी माहिती रात्री जेवताना फुकट मिळायची. खिसा रिकामा असेल तर उधारी, आणि साहेबाकडे शब्द टाकायला गावचाच कोणी बुजुर्ग. त्याच बोटींच्या डेकवर आपल्या रत्नागिरीकडचे खलाशी असत. तिथेही सारंग आपल्याच गावची, नात्यातली पोरं भरती करायचा. कंपनीलाही ते सोयीचं. पोरगा पळाला तर सारंगाला धरता येतं!

आता हे कंट्रोल सिस्टिम्सच्या भाषेत मांडू. पहिला माणूस जातो तेव्हा खर्च आणि धोका दोन्ही सगळ्यात जास्त. तो पोचला की दुसऱ्याला राहायला जागा मिळते, तिसऱ्याला नोकरीचा पत्ता मिळतो, आणि दहाव्याला तर फक्त तिकीट काढायचं असतं. प्रत्येक जाणारा पुढच्याचा खर्च कमी करतो. म्हणजे सरळ पॉझिटिव्ह फीडबॅक! डग्लस मॅसी नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने मेक्सिकोतल्या गावांचा अभ्यास करून हेच मांडलं. सुरुवातीचं कारण संपलं तरी जाणं थांबत नाही, कारण जाणं हेच पुढच्या जाण्याचं कारण बनतं.

स्विंडनचंही तेच. 19 डिसेंबर 1961 पूर्वी पोर्तुगीज गोव्यात जन्मलेल्यांना, आणि त्यांच्या मुला-नातवंडांना, पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येतं. पोर्तुगाल 1986 साली युरोपीय समुदायात गेला, त्यामुळे पुढे हा पासपोर्ट युरोपभर नोकरीसाठी चालू लागला. कायद्याने लिस्बन, पॅरिस, बर्लिन सगळं मोकळं होतं. माणसं गेली मात्र इंग्लंडला. इंग्रजी येत होतं हे एक, आणि मावसभाऊ आधीच तिथे होता हे दुसरं. 31 डिसेंबर 2020 ला ब्रिटनने हा रस्ता बंद केला. आणि भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे ज्यांनी तो पासपोर्ट घेतला त्यांनी इथलं नागरिकत्व गमावलंय. हा सौदा साधा नाही.

ओळखीची दुसरी बाजूही आहे. भाऊ गोदामात कामाला असेल तर तो तुम्हाला गोदामातलीच नोकरी दाखवणार, तुमच्याकडे डिग्री असली तरी. मार्क ग्रॅनोव्हेटरने 1973 साली लिहिलं की नवी माहिती जवळच्यांपेक्षा लांबच्या ओळखीतून जास्त येते, कारण जवळच्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही आधीच माहीत असतं. पटतं ना? पण विमानतळावरून पहिल्या रात्री घरी घेऊन जायला जवळचाच लागतो. मला वाटतं, दोन्ही लागतात.

आपल्याकडे बघा. आमच्या विंगमध्ये चौघी एमएसला अर्ज करताहेत. चौघींच्या यादीत तीच पाच विद्यापीठं, कारण तिथे आपले सिनियर्स आहेत. रँकिंग वगैरे नंतर! आणि जिचे मार्क आम्हा सगळ्यांत जास्त आहेत ती पाचवी अर्जच भरत नाहीये. तिच्या तालुक्यातून कोणी बाहेर गेलेलं नाही. कर्जाला तारण काय लागतं, असिस्टंटशिप कशी मिळते, हे घरी विचारायचं कोणाला? वडिलांचं म्हणणं, "ओळखीचं कोणी नाही तिकडे, नको." यात त्यांचं चुकतंय असंही मला म्हणवत नाही.

म्हणून आम्ही मुलींनी ठरवलंय, परदेशी गेलेल्या माजी विद्यार्थ्यांची ब्रँच आणि शहरवार वही करायची आणि ती रीडिंग रूममध्ये ठेवायची. पंधरा नावं झाली आहेत. जुन्या बॅचेसची माहिती स्टाफपैकी कोणाकडे असेल तर लेडीज हॉस्टेलच्या ऑफिसात द्यावी. अर्जांची तारीख जवळ आली आहे.